थरथरती रेघ, थरथरते अक्षर

पडद्यावर लिहिलेला एखादा शब्द जागचा हलत नाही, पण त्याची कड क्षणभरही स्थिर राहत नाही. काना किंचित वाकतो आणि लगेच सावरतो, गोलाईची जाडी कमीजास्त होते, आणि एवढे होऊनही शब्द विनासायास वाचता येतो. हाताने काढल्यासारखी दिसणारी ही थरथर आज जाहिरातींत, मुलांच्या कार्यक्रमांत, चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आणि मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींत सर्रास आढळते. ॲनिमेशनच्या व्यवसायात तिला ‘बॉइल’ म्हणतात, म्हणजे रेघ उकळते असे मानतात. पातेल्यातले पाणी बाहेर न जाता जसे जागच्या जागी चुळबुळते, तशीच ही रेघ चुळबुळत असते. आज ती मुद्दाम आणली जात असली तरी तिचा जन्म शैली म्हणून झालेला नाही. ती प्रथम हातकामातला अटळ दोष होती, तो दोष घालवण्यासाठी एका मोठ्या उद्योगाने आपली सारी कार्यपद्धती उभारली, आणि रेघ पूर्णपणे स्थिर झाल्यावरच तिच्या थरथरण्यात काय होते याची जाणीव कलावंतांना झाली.

ही थरथर कशी निर्माण होते, हे आधी पाहणे आवश्यक आहे. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. फिल्मवरच्या अशा प्रत्येक चित्राला चौकट म्हणतात आणि बोलपट आल्यापासून सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. एखादे वर्तुळ एका कागदावर काढून तेच दुसऱ्या कागदावर गिरवले, तर हात कितीही सरावाचा असला तरी दोन्ही वर्तुळे तंतोतंत एक होत नाहीत, आणि ती एकापाठोपाठ एक पडद्यावर आली की त्यांच्यातला केसभराचा फरक हालचाल होऊन दिसू लागतो. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. कागद कॅमेऱ्याखाली ठेवताना सरकला, तर संपूर्ण चित्र एकाच दिशेने हलते, आणि हा मांडणीतला दोष आहे. बॉइलमध्ये चित्र आपल्या जागी राहते आणि रेघेचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे इकडेतिकडे होतो. पहिल्या प्रकारात प्रेक्षकाला कॅमेरा हलल्यासारखा वाटतो, तर दुसऱ्यात रेघच जिवंत असल्यासारखी वाटते.

रेखाटलेल्या चलच्चित्रांचा आरंभ ज्या कृतींपासून मानला जातो, त्यांत ही थरथर पहिल्या दिवसापासून आहे. अमेरिकेतील जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन हे मुळात रंगमंचावर झरझर चित्रे काढून दाखवणारे कलाकार होते, आणि १९०६ मधील त्यांच्या ‘ह्यूमरस फेझेस ऑफ फनी फेसेस’ या लघुपटात फळ्यावरच्या खडूच्या रेघांतून चेहरे आकार घेताना व पुसले जाताना दिसतात. फ्रान्समध्ये एमिल कोल या पन्नाशी ओलांडलेल्या व्यंगचित्रकाराने गोमाँ कंपनीसाठी केलेला ‘फँतास्मागोरी’ हा दोन मिनिटांहून कमी लांबीचा चित्रपट १७ ऑगस्ट १९०८ रोजी पॅरिसमध्ये दाखवण्यात आला. कोल यांनी पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची सुमारे ७०० चित्रे काढली, आणि छापताना काळेपांढरे उलटवल्यामुळे ती फळ्यावर खडूने काढल्यासारखी दिसू लागली. प्रत्येक चित्र त्यांनी दोन चौकटींवर टिपले होते. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास धरला, तर त्यांच्या पडद्यावर सेकंदाला सुमारे ८ नवी चित्रे येत असत. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आज ‘हाताने काढल्यासारखे’ दिसावे म्हणून एकेक चित्र तीन चौकटी धरून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही सेकंदाला बरोबर ८ चित्रेच येतात.

विन्सर मके या अमेरिकन चित्रकाराच्या कामात हा दोष सर्वांत ठळक आणि सर्वांत हृद्य स्वरूपात दिसतो. ‘लिट्ल निमो’ या १९११ मधील चित्रपटासाठी त्यांनी सुमारे ४,००० चित्रे काढली. १९१४ च्या ‘गर्टी द डायनोसॉर’मध्ये मात्र गर्टीच्या मागे डोंगर, झाड, पाणी अशी पार्श्वभूमी होती आणि पारदर्शक पत्रे वापरण्याची युक्ती तेव्हा रूढ झाली नव्हती, त्यामुळे पात्र हलले की त्यामागचा निर्जीव डोंगरदेखील प्रत्येक कागदावर पुन्हा काढावा लागे. जॉन फिट्झसिमन्स हा तरुण मदतनीस पातळ राइस पेपरवर ती पार्श्वभूमी हजारो वेळा गिरवत राहिला, आणि कागद एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून कोपऱ्यांत फुल्या मारलेल्या असत. परिणामी पडद्यावर गर्टी जितकी सजीव दिसते, तितकेच तिच्या मागचे खडकही श्वास घेत असल्यासारखे दिसतात. मके यांना स्थिर दगडच हवे होते. थरथर हवी असल्याचे त्यांच्या कामात कुठेही दिसत नाही. तरीही शंभर वर्षांनंतर तो चित्रपट पाहणाऱ्याला प्रथम भिडते ती हीच गोष्ट, कारण एका माणसाने तोच दगड पुन्हापुन्हा काढण्याचा केलेला प्रयत्न तिच्यात साक्षात उघडा पडलेला असतो.

एवढे श्रम धंद्याला परवडणारे नव्हते. राउल बारे यांनी १९१४ च्या सुमारास कागदांना ठरावीक भोके पाडून ते मेजावरच्या खुंट्यांत अडकवण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यामुळे कागद सरकून होणारा हादरा बंद झाला. याच सुमारास अर्ल हर्ड यांनी सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर, म्हणजे पुढे ज्याला ‘सेल’ म्हटले गेले त्यावर, फक्त हलणारे पात्र काढून ते एकदाच रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जॉन ब्रे यांच्या पेटंटांशी ते जोडले गेले आणि १९३२ पर्यंत इतर स्टुडिओंना या पद्धतीसाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत. सेलमुळे डोंगर डोंगरासारखा स्थिर झाला. पुढे डिस्नेसारख्या मोठ्या स्टुडिओंत पेन्सिलीची रेखाटने सेलवर शाईने गिरवण्यासाठी स्वतंत्र विभाग असत, त्यांत मुख्यतः स्त्रिया काम करीत, आणि त्यांची गुणवत्ता याच एका कसोटीवर ठरत असे की, हजारो सेलवर काढलेल्या रेघेची जाडी आणि वळण कुणाच्याही हाताची ओळख न देता एकसारखे उमटावे. आपला हात पुसून टाकण्याची इतकी कठीण शिस्त आत्मसात करणाऱ्या या कारागीर स्त्रियांची नावे बहुतेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आली नाहीत, आणि त्या कलेच्या इतिहासावरचे हे ऋण अद्याप पुरते फिटलेले नाही.

उद्योग रेघेला स्थिर करत असतानाच थरथरणाऱ्या अक्षराचा खरा शोध एका सर्वस्वी वेगळ्या ठिकाणी लागला, आणि तोही टपाल खात्याच्या जाहिरातीतून. ब्रिटिश टपाल खात्याची जीपीओ फिल्म युनिट नावाची चित्रपट शाखा होती आणि तिचे प्रमुख जॉन ग्रिअर्सन प्रयोगशील कलावंतांना वाव देत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले लेन लाय यांनी १९३५ मध्ये या शाखेसाठी ‘अ कलर बॉक्स’ हा लघुपट कॅमेरा न वापरताच तयार केला. त्यांनी फिल्मच्या पट्टीवरच थेट रंगाने रेघा, ठिपके आणि आकृत्या काढल्या, आणि शेवटी पार्सलचे टपालदर कमी झाल्याची माहिती देणारे शब्द व आकडेही त्याच नाचणाऱ्या रंगांत मिसळून दिले. येथे थरथरीचे कारण प्रमाणात आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट जेमतेम २२ मिलिमीटर रुंद असते. ती साडेसहा मीटरच्या पडद्यावर मोठी केली की सुमारे ३०० पट होते, म्हणजे कुंचला अर्धा मिलिमीटर चुकला तर पडद्यावर ती चूक वीतभराहून कमी, १५ सेंटिमीटर इतकी दिसते. इतक्या लहान जागेत मानवी हाताने काढलेले कोणतेही चिन्ह स्थिर राहूच शकत नाही. लाय यांनी ही मर्यादा लपवली नाही. संगीताच्या ठेक्याशी तिला जुळवून घेतले. १९३७ च्या ‘ट्रेड टॅटू’मध्ये त्यांनी कामगारांच्या चित्रणावर शब्दांची अशीच नाचती ओळ चढवली, आणि पुढे १९५८ च्या ‘फ्री रॅडिकल्स’मध्ये काळ्या फिल्मवर टोकदार हत्याराने ओरखडे काढून नुसत्या पांढऱ्या रेघांचे एक नृत्य उभे केले.

याच शाखेत तयार झालेले स्कॉटिश कलावंत नॉर्मन मक्लॅरन यांनी ही विद्या पूर्णत्वाला नेली. पत्रांच्या विमानी टपालाची जाहिरात करणारा त्यांचा १९३८ चा ‘लव्ह ऑन द विंग’ हा फिल्मवर थेट शाईने काढलेला होता. १९४१ मध्ये ते कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेले आणि युद्धकाळात सरकारी आवाहने लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे आले. नाताळचे टपाल लवकर पाठवा असे सांगणारा ‘मेल अर्ली’ आणि युद्धबचतीसाठीचा ‘व्ही फॉर व्हिक्टरी’ हे त्यातलेच. फिल्मवर काढताना आधीच्या चौकटीतले चित्र दिसत राहावे अशी सोय असलेले साधन ते वापरत. मागचे चित्र दिसत असल्यामुळे थरथर पूर्ण जात नसे, पण ती किती ठेवायची हे त्यांना ठरवता येऊ लागले, आणि या कलेच्या इतिहासातले निर्णायक वळण हेच होय. १९५५ च्या ‘ब्लिंकिटी ब्लँक’मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: काळ्या फिल्मवर कोरलेल्या काही थोड्या चौकटी आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या अनेक चौकटी, अशी रचना करून रेघ नसतानाही ती डोळ्यांत शिल्लक राहते हे त्यांनी दाखवून दिले. कान महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. सरकारी सूचना या प्रकाराला आजही जो रुक्षपणा चिकटलेला असतो, तो पाहता टपालदर आणि बचतीचे आवाहन यांच्या पैशातून एका नव्या कलेचे व्याकरण घडले, ही गोष्ट सार्वजनिक संस्थांनी वारंवार आठवावी अशी आहे.

मुख्य प्रवाहातल्या स्टुडिओंत हाताची रेघ परतली ती मात्र खर्चाच्या कारणाने. अब आयवर्क्स यांनी डिस्नेसाठी झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलीचे रेखाटन थेट सेलवर उतरवण्याची सोय केली, आणि १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’पासून शाईने गिरवण्याचे काम मोठ्या प्रमाणात संपले; चित्रकाराची खरबरीत, अर्धवट पुसलेली, दुहेरी रेघ पडद्यावर जशीच्या तशी दिसू लागली. इंग्लंडमध्ये बॉब गॉडफ्री यांनी १९७४ मध्ये बीबीसीसाठी केलेल्या ‘रूबार्ब’ या मुलांच्या मालिकेत सेल टाळून कागदावर मार्कर पेनने चित्रे रंगवली. मार्करचा रंग प्रत्येक कागदावर वेगळ्या फटकाऱ्यांनी बसतो, त्यामुळे या मालिकेत कडांबरोबर आतला रंगही सतत खदखदत राहतो, आणि त्या हिरव्या कुत्र्याच्या स्वभावातला उतावळेपणा या खदखदीतूनच प्रकट होतो. म्हणजे काटकसरीतून आलेले तंत्र येथे पात्राच्या स्वभावाचा भाग झाले. १९८२ च्या ‘द स्नोमॅन’मध्ये रंगीत खडू आणि पेन्सिलींच्या पोताची झिलमिल पडत्या बर्फासाठी वापरली गेली, तर १९८५ मध्ये नॉर्वेच्या ‘अ-हा’ या चमूच्या ‘टेक ऑन मी’ गीताच्या चित्रफितीत खऱ्या चित्रणावर पेन्सिलीने चौकटीमागून चौकट गिरवल्याने ही थरथर घराघरात पोहोचली. भारतात, सर ज. जी. कला संस्थेच्या परंपरेतून आलेल्या मुंबईच्या गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ या २००६ मध्ये कान येथे गौरवल्या गेलेल्या लघुपटात हाताने रंगवलेल्या चौकटींची अशीच धग जाणवते.

थरथर ही विकत घेता येण्याजोगी वस्तू झाली ती १९९५ मध्ये. अमेरिकेतील टॉम स्नायडर यांच्या निर्मितीसंस्थेने ‘डॉक्टर कॅट्झ’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ‘स्क्विगलव्हिजन’ नावाची संगणकीय पद्धत वापरली. तिच्यात पात्राची एकच मुद्रा किंचित फरकाने पाच वेळा काढून ती पाच चित्रे फिरत ठेवली जात; पात्र जवळजवळ हलत नसे, पण त्याची बाह्यरेषा सतत वळवळत असल्यामुळे डोळ्याला चित्र मेल्यासारखे वाटत नसे. संवादांवर उभ्या असलेल्या, कमी खर्चाच्या मालिकेला ही युक्ती चपखल बसली. मात्र याच मंडळींच्या ‘होम मूव्हीज’ या पुढच्या मालिकेने पहिल्या पर्वानंतर ही पद्धत सोडून दिली. सतत आणि सर्वत्र सारख्याच प्रमाणात असलेली थरथर कालांतराने डोळ्याला शिणवते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

त्याच वर्षी ‘सेव्हन’ या चित्रपटाच्या प्रारंभी काइल कूपर यांनी रचलेल्या श्रेयनामावलीत ओरखडून लिहिलेली, झटके देत दचकणारी अक्षरे आली आणि थरथरत्या लिपीचा भाव एकदम पालटला. तोवर ही थरथर बालसुलभ, खेळकर, आपुलकीची मानली जात असे. कूपर यांच्या नामावलीत ती विकृत मनाची खूण झाली. यावरून असे दिसते की थरथरीला स्वतःचा ठरलेला भाव नसतो. सेकंदाला ८ चित्रे, गोलसर अक्षर आणि सौम्य फरक असला तर शब्द हसरा वाटतो. टोकदार अक्षर, अनियमित झटके आणि मध्येच तुटणारी रेघ असली तर तोच शब्द भेदरलेला वाटतो. कारागीर दोनच चित्रांचे आवर्तन टाळतात, कारण दोन चित्रे आलटूनपालटून आली की डोळा ती अदलाबदल पकडतो आणि अक्षर थरथरण्याऐवजी लुकलुकते. किमान तीन चित्रे असली की आवर्तनाचा माग लागत नाही.

आजची बहुतेक थरथर मात्र चित्रांच्या आवर्तनातून येत नाही, ती गणितातून येते. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात संगणकीय चित्रांसाठी एक असे सूत्र तयार केले की ज्यातून येणारे आकडे अनियमित असूनही एकमेकांत हळुवार मिसळतात. पर्लिन नॉइज या नावाने ते ओळखले जाते आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, संगमरवर, लाटा यांसाठी उपयोगी पडलेल्या या सूत्राने अक्षराची कड विस्थापित केली आणि काही चौकटींनंतर सूत्राचा आरंभीचा आकडा बदलला, की टंकलिखित शब्द हाताने काढल्यासारखा वळवळू लागतो. आफ्टर इफेक्ट्ससारख्या प्रणालींत हे एका आदेशाने होते, आणि संकेतस्थळांवरच्या रेखाकृतींसाठी असलेल्या एसव्हीजी या मानकातही याच सूत्रावर आधारलेली सोय आहे. हे तंत्र निरुपयोगी नाही. ज्याच्याकडे वेळ किंवा सहकारी नाहीत, त्याच्यासाठी ते मोठे साह्य आहे. पण त्याने दिलेली थरथर ही हाताच्या थरथरीची जागा घेऊ शकत नाही, आणि याचे कारण भावुक नसून तांत्रिक आहे. गणित अक्षराच्या प्रत्येक भागाला सारखेच हलवते, कारण अक्षर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. हात सगळीकडे सारखा चुकत नाही: सरळ दंड तो बऱ्यापैकी नेमका काढतो, वळणावर थोडा भरकटतो, शेवटाला कधी आखूड तर कधी लांब जातो, आणि जेथे चूक झाली तर ‘घ’चा ‘ध’ होईल तेथे आपोआप सावध होतो. मके यांच्या मदतनिसाच्या डोंगरापासून मक्लॅरन यांच्या कोरीव रेघेपर्यंत जी थरथर आपल्याला स्पर्श करते, ती स्थिर राहण्याच्या प्रयत्नातून उरलेली आहे. सूत्रातल्या थरथरीमागे असा प्रयत्नच नसतो.

मराठी अक्षरांच्या बाबतीत हा फरक अधिकच उघड होतो. देवनागरीतला शब्द हा सुट्या अक्षरांची रांग नसून शिरोरेषेने बांधलेला एक आकार आहे, आणि रोमन लिपीला अनुसरून तयार झालेली साधने एकेक अक्षर वेगळे हलवू लागली की शिरोरेषा जागोजागी तुटते, वेलांटी आपल्या व्यंजनापासून दूर सरकते, जोडाक्षराचे तुकडे पडतात. हाताने लिहिणारी बहुतेक माणसे आधी अक्षरे काढतात आणि शब्द पुरा झाल्यावर वरची रेघ एका ओढीत मारतात. म्हणून हातच्या मराठी शब्दात अक्षरांची थरथर वेगळी आणि तिला पेलणाऱ्या शिरोरेषेची लांबलचक लहर वेगळी, अशा दोन गती एकाच वेळी नांदतात. संगणकावर सर्वत्र पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी आणि नाटके, चित्रपट व नियतकालिके यांच्या शीर्षकांना कायमचे रूप देणारे कमल शेडगे यांच्या हयातभराच्या कामाने महाराष्ट्राला अक्षरांकडे पाहण्याची दृष्टी दिली आहे. तिचा उपयोग हलत्या अक्षरासाठी व्हायला हवा. मराठी चित्रपटांची, मालिकांची आणि मुलांच्या कार्यक्रमांची शीर्षके करणाऱ्यांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे की, तयार टंकावर सूत्र लावण्यापूर्वी त्यांनी तो शब्द ट्रेसिंग पेपरच्या तीन कागदांवर, प्रत्येक वेळी आधीच्याशी जुळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत, तीनदा लिहावा आणि शिरोरेषा शेवटी एका ओढीत मारावी. प्रत्येक चित्र तीन चौकटी धरून ते फिरत ठेवायला याहून अधिक काही लागत नाही.